गाठीची शेजारीण

मतदान केंद्रावर जाऊन मत न देता परत आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणाचं यादीत नाव नसतं, कोणी ओळखपत्र घरी विसरतं. पण ‘तुम्ही मघाशीच मत देऊन गेलात की’ असं ऐकवून टेबलापाशीच अडवलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या मॅडम. त्यांची दहाच्या दहा बोटं निळी होती.

“अहो, हा कुत्र्याचा रंग आहे!” मॅडम ओरडत होत्या. असं बोलल्यावर कोणाची शंका फिटेल का? उलट मागच्या रांगेतले लोक जरा लांब सरकले. शेवटी मला निरोप आला. मी डोसा अर्धवट टाकून धावत गेले आणि टेबलावरच्या साहेबांना समजावलं, की या जनावरांच्या डॉक्टर आहेत, कुत्र्यांच्या गाठीभोवती निळं औषध टोचतात, ऑपरेशनला हातमोजे घालतात पण बाटलीचं बूच उघडताना घालत नाहीत, आणि ती बाटली दर वेळी गळते. साहेबांनी शाईची रेघ ओढायला मॅडमच्या डाव्या हाताच्या बोटावर कोरी जागा शोधली. सापडेना. शेवटी निळ्यावरच ओढली. नियम म्हणजे नियम.

मॅडम साठीच्या पुढच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की लालबागच्या नाक्यावर उभं राहून परळच्या माणसाला हाक मारतील. मूळच्या मालवणकडच्या. एरवी बोलायच्या तुमच्या-आमच्यासारखं, पण रागावल्या किंवा खुशीत आल्या की तोंडातून मालवणी सुटायची. मी गिरगावची. आमच्याकडे मोठ्याने शिंकलं तरी शेजारी चौकशीला येतात. जनावरांची डॉक्टर होऊन त्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई माझ्यावर का खेकसतेय? त्या मला चहात साखर किती ते विचारत होत्या.

दवाखाना एका गल्लीत तळमजल्यावर. एका बाजूला मिरचीचं कांडप, दुसऱ्या बाजूला मंडप-डेकोरेशनवाला. कांडप सुरू झालं की आमच्याकडचे सगळे पेशंट एकदम शिंकायला लागायचे. एक्स-रे काढायचा तर मी आधी शेजारी जाऊन विनवायची, “दादा, दोन मिनिटं मिरची थांबवा, लॅब्रेडॉर झोपवलाय.” ते बिचारे थांबवायचे, वर विचारायचे, “झाला काय फोटो? चांगला आला?”

मॅडमचं एकच वेड होतं. कुत्र्याच्या कातडीवर गाठ घेऊन कोणी आलं की माणसाची अपेक्षा असते, डॉक्टरने गाठ बघावी. मॅडम गाठीकडे एक नजर टाकायच्या, आणि लगेच त्यांचा हात दुसरीकडेच निघायचा. जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे. मालक घाबरून सांगायचा, “मॅडम, गाठ इथे आहे, पाठीवर.” त्यावर मॅडमचं ठरलेलं उत्तर असायचं: “गाठ काय सांगणार? ती चोर! चोराला विचारतात काय? तिच्या शेजारणीला विचारायचं.”

शेजारीण म्हणजे लसिका ग्रंथी. पायाला जखम झाली की आपल्या जांघेत अवधाण येतं, सुजलेला गोळा लागतो ना, तीच ही ग्रंथी. अंगातलं पाणी तिच्यातून गाळून पुढे जातं. गाठ वाईट चालीची असली आणि तिच्या पेशी पळाल्या, तर बहुतेकदा आधी या शेजारणीकडे जाऊन थांबतात. म्हणून शेजारणीची तपासणी. सुई घालून थेंबभर पाणी काढायचं, काचेवर पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. किंवा सरळ ती ग्रंथीच काढून लॅबला पाठवायची.

हे वेड कुत्र्यांपुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण बाईंच्या बोटांना विश्रांती माहीत नव्हती. बोलता बोलता त्यांचा हात समोरच्याच्या जबड्याखाली जायचा. मीटर बघायला आलेला माणूस, गॅसवाला, सोसायटीचे चेअरमन, कोणी सुटलं नाही. एकदा आम्ही एका रिसेप्शनला गेलो. स्टेजवर मॅडमनी नवऱ्यामुलाला आशीर्वाद दिला, दोन्ही हातांनी त्याचा जबडा चाचपला आणि खूश होऊन म्हणाल्या, “छान. मऊ आहेत.” पुढे पूर्ण रिसेप्शनभर तो मुलगा माझ्याकडे बघून खुणेने विचारत होता, काय मऊ आहे?

तर असं हे ध्यान. आता शेठची गोष्ट सांगते, म्हणजे बाई नुसत्याच चक्रम होत्या असं तुम्हाला वाटायला नको.

शेठ हा दवाखान्याच्या मागच्या चाळीतला तांबूस रंगाचा कुत्रा. जात गावठी, थाट मालकाचा. सकाळी गॅलरीत पाय पसरून बसायचा आणि प्रत्येक बिऱ्हाडाकडून नैवेद्य स्वीकारायचा, म्हणून शेठ. चाळ त्याचा उल्लेखही आदरार्थी करायची. “शेठ आज जेवले नाहीत.” पण खरा तो सुलूमावशीचा. सुलूमावशी तळमजल्यावर खानावळ चालवायची. नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला होता, तो गेला त्यानंतर ती एकटीच. मूल नाही. रात्री दार लावलं की आत ती आणि शेठ. ती मला एकदा म्हणाली होती, “घरात कोणाशी बोलूक नको? ह्यो आसा म्हणून माजी जीभ चलता.”

तिने शेठला आणलं तेव्हा त्याच्या डाव्या बरगडीवर लिंबाएवढी गाठ होती आणि गाठीवर हळदीचा जाड थर. मॅडमचा पारा चढला.

“कोणी चोळली?”

“चोळली नाय, नुसता लेप दिला. गाठ उतरली पण होती दोन दिस,” सुलूमावशी म्हणाली.

“उतरणारच! ही गाठ फुगते नि उतरते, तोच तिचा स्वभाव. चोळलं की आणखी खवळते. मेल्यांनो, त्या गाठीक हात लावू नकात!”

‘मेल्यांनो’ म्हणजे कोण, तर पूर्ण चाळ. कारण शेठबरोबर पंधरावीस माणसं आली होती आणि दवाखान्यात मावत नव्हती म्हणून खिडकीतून बघत होती.

सुई घातली, काच बघितली. मास्ट सेल नावाच्या पेशींची गाठ निघाली. कातडीचा कॅन्सर. मॅडम ही गोष्ट कधी गुळमुळीत सांगत नसत. “सुलू, कॅन्सर आहे. गाठ काढता येईल. पण आतमध्ये पसरलाय की नाही ते बघायला हवं.” सुलूमावशी खुर्चीत बसली ती उठेचना. मी पाणी दिलं. तिने ते शेठच्या पुढ्यात ठेवलं.

बरगडीला जवळची शेजारीण म्हणजे काखेतली. मॅडमनी तिथे सुई घातली. काच स्वच्छ! खिडकीतली मंडळी टाळ्या वाजवायला लागली. त्यातल्या परबकाकांनी तर पेढे आणायला माणूस धाडला. आणि मॅडम मान हलवत म्हणाल्या, “पेढे थांबवा. आपण झडती भलत्याच घराची घेतली असेल तर?”

त्यांचं म्हणणं असं, की गाठीचं पाणी काखेतच उतरतं हे कोणी सांगितलं? कधी ते खांद्यापुढच्या ग्रंथीत जातं, कधी आणखी कुठे. प्रत्येक कुत्र्याची वाट वेगळी. आधी एक्स-रेत दिसणारं औषध गाठीभोवती टोचून वाट बघायची, मग ऑपरेशनच्या वेळी निळं औषध टोचून नेमकी ग्रंथी शोधायची आणि गाठीबरोबर काढायची.

चाळ बिथरली. सावंत म्हणाले, “गाठ बरगडीला आणि कापणार खांद्याला? हा कुठला न्याय?” परबकाका आणि सावंत यांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, पण या बाबतीत एकमत झालं. सुलूमावशी रडवेली होऊन म्हणाली, “डॉक्टरनी, काखेत काय गावला नाय ना? मग झाला! आता आनी खय कापतलास त्येका?”

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन चाळीत गेल्या. समजवायला. त्यांनी ग्रंथी, वाहिन्या सगळं सांगून बघितलं. कोणाच्या डोक्यात शिरेना. तेवढ्यात त्यांच्या टाळूवर पाणी टपकलं. आम्ही परबांच्या खोलीत बसलो होतो, आणि परबांचं छत गळत होतं.

“ही वरच्या सावंतांची मोरी,” परबकाका दात ओठ खात म्हणाले. “कितीदा सांगितलं, दुरुस्त करा. आमची गळतच नाही म्हणतात. वर मोरी, खाली मी. आणखी पुरावा काय पाहिजे?”

मॅडमचे डोळे लकाकले. मला तो चेहरा माहीत होता.

“घरात नीळ आहे?”

निळीची अख्खी बाटली घेऊन बाई सावंतांच्या मोरीत शिरल्या. वरून दोन बादल्या पाणी. मग आम्ही सगळे धावत खाली परबांकडे येऊन छताकडे माना वर करून उभे. परबकाका हात चोळत होते. टप. पाणी पडलं. पांढरं. टप. पांढरंच. कोणी म्हणे थांबा, येईल. सुलूमावशीने सगळ्यांना चहा दिला. मान अवघडली माझी. आणि एकाएकी गॅलरीच्या पार टोकाच्या खोलीतून किंकाळी आली.

टोकाची खोली सेक्रेटरींची. हेच सेक्रेटरी परब-सावंत भांडणात दर मीटिंगला मध्यस्थी करायचे. त्यांनी नुकताच पांढरा रंग लावून घेतला होता आणि त्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत निळा ओघळ उतरत होता. काय तो जल्लोष! सावंत गॅलरीत अक्षरशः नाचले. परबांच्या छताचं पाणी मग येतं कुठून, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. सेक्रेटरीवहिनी मात्र पुढे महिनाभर आमच्या दवाखान्याकडे पाठ करून चालायच्या.

मॅडम गॅलरीच्या मधोमध उभ्या राहिल्या. “बघितलंत? वर मोरी, खाली परब, म्हणून इतकी वर्षं तुम्ही परबांच्या छताकडे बघत बसलात. पाणी गेलं टोकाला! माझ्या शेठचं पण पाणी कुठे जातं ते मला रंग टाकूनच बघू दे.”

आता ‘माझ्या’ शेठचं! काल त्याला त्या ‘हे जनावर’ म्हणत होत्या. पण सुलूमावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, “टाका रंग.”

ऑपरेशनचा दिवस ठरला. शेठला उपाशी आणायचं, पोटात अन्न असलं तर भूल देताना जिवावर बेततं, हे मी प्रत्येक मजल्यावर जाऊन बजावलं. सकाळी शेठ आला. “काही दिलं नाही ना?” छे छे, देवाशप्पथ, मुलांची शपथ. मी झोपेचं पहिलं इंजेक्शन दिलं, आणि शेठने मागे वळून बघितलं, घसा साफ केला आणि फरशीवर मेजवानी मांडली.

मॅडमनी चिमटा हातात घेतला. एकेक जिन्नस उचलून खिडकीकडे धरायच्या. “हा बांगडा कोणाचा?”

“मी एकच तुकडो दिलंय,” सुलूमावशी कुजबुजली, “तो पण काटो काढून. रिकाम्या पोटी कापतले म्हणून माका झोप नाय.”

“हा शिरा?” सावंतवहिनींनी पदर तोंडाला लावला. “प्रसादाचा होता हो. प्रसादाला नाही कसं म्हणणार?”

“आणि ही पुरणपोळी?” तेव्हा परबकाकूच पुढे येऊन म्हणाल्या, “पुरण एवढं जाड म्हणजे आमच्याच घरची, ह्यांनी उचलून दिलेली. मला वाटलं स्वतः खाल्ली!” काकांनी तिथून पळ काढला. प्रत्येकाला वाटलं होतं, मनाई बाकीच्यांना आहे, माझ्या घासाने काय होतंय.

मॅडम चिडल्या नाहीत, हेच भयंकर होतं. शांतपणे हात धुतले आणि जाहीर केलं, “दोन दिवसांनी परत. त्या दिवशी उपास शेठचा नाही, चाळीचा. एकाही घरात गॅस पेटणार नाही. घरात अन्नच नसेल तर घालाल काय? लहान मुलं आणि औषधगोळ्यांवाले गल्लीबाहेर जाऊन खातील, आणि आत येताना हात दाखवतील.”

“आणि आमी कधी सोडायचो उपास?” सुलूमावशीने विचारलं.

“माझा फोन आला की. चंद्र उगवला समजा.”

मला वाटलं, कोण ऐकतंय! अहो, ऐकलं. सुलूमावशीने खानावळीला कुलूप लावलं, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी भांडी घासून पालथी घातली. सकाळी मी शेठला न्यायला गेले तर पूर्ण चाळ आंघोळी करून गॅलरीत बसली होती, सुतकी चेहऱ्याने, आणि कोणीतरी भजन धरलं होतं. शेठ एकेका दारात जाऊन पालथ्या पातेल्यांकडे बघत होता. इतका अपमान त्याचा आयुष्यात कोणी केला नव्हता.

एक्स-रेसाठी कांडप थांबलं. बरगडीजवळ टोचलेल्या औषधाची पांढरी रेघ फोटोत उमटली. ती काखेकडे वळलीच नाही. सरळ पुढे गेली, खांद्यापुढे, आणि तिथे एका ठिपक्याशी थांबली. मॅडमनी बोटाने तिथे दाबून बघितलं आणि माझंही बोट धरून दाबलं. मला काही लागलं नाही. सुजलेली नाही, कडक नाही. “बोटावर कधी भरवसा ठेवायचा नाही गो,” त्या पुटपुटल्या. मग निळं औषध. खांद्यापुढे लहानसा छेद घेतला, आणि पिवळट चरबीत पावट्याएवढी एक निळी ग्रंथी दिसली. ग्रंथी काढली, मग गाठ काढली, भोवतालची चांगली कातडीही घेतली. टाके घालून झाल्यावर शेठने शेपटीचं टोक हलवलं, तेव्हा मी फोन लावला. पलीकडे कोणी ‘हॅलो’ म्हणालं नाही. नुसता कुकरचा आवाज, भांड्यांचा आवाज आणि सुलूमावशीचा हुंदका.

पुढचे दिवस वाईट गेले. ग्रंथी लॅबमध्ये होती. सुलूमावशी रोज दारात येऊन उभी राहायची, विचारायची काही नाही, जायची. खानावळीतल्या आमटीत मीठ कधी जास्त, कधी नाहीच. गिऱ्हाइकं बोलत नव्हती, तशीच जेवत होती.

मग एका दुपारी लॅबचा निकाल आला. मॅडमनी वाचला आणि चपला न घालता पळत सुटल्या. मी मागे. बाई चाळीच्या पायरीवरूनच ओरडल्या, “गावली! गावली! मी सांगत होतंय!”

लोक दारं उघडून बाहेर आले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणाला कळेना हसायचं की काय. सुलूमावशी पोळपाट सोडून आली, हात पिठाचे. “काय गावली?” तिने विचारलं, आणि मॅडमचा चेहरा बघता बघता उतरला. आपण काय ओरडलो ते त्यांना तेव्हा उमगलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि सुलूमावशीला हात धरून शेजारी बसवलं.

“सुलू, तिच्यात कॅन्सर होता. पेशी पोचल्या होत्या तिथपर्यंत.”

सुलूमावशीने डोळे मिटले.

“पण ऐक माझं. ती आता लॅबच्या बरणीत आहे. शेठच्या अंगात नाही. बाहेर काढली आपण. बरगडीची पण पूर्ण निघालीय, कडा स्वच्छ आहेत. आता गोळ्या, इंजेक्शनं देऊ, दर महिन्याला तपासू.”

“म्हंजे काखेतला बघून आमी पेढे वाटले असते,” सुलूमावशी सावकाश म्हणाली, “तर ती आतच रवली असती?”

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. मावशीने पिठाच्या हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. वरच्या मजल्यावर सावंत मोठ्याने नाक शिंकरत होते. मीही रडले, लपवून काय करू?

“मग बरो होतलो मा?” मावशीने विचारलं.

“ते मी सांगणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “खोटं बोलत नाही मी. दर महिन्याला फक्त त्या दिवसाचं सांगेन.”

आणि तेवढंच सांगायच्या. तपासायच्या, सुई घालायच्या, काच बघायच्या आणि मान वर करून म्हणायच्या, “आज नाही.” वर्ष गेलं, गोळ्या बंद झाल्या, महिन्याची तपासणी तिमाही झाली, तरी बाईंच्या तोंडून ‘बरा झाला’ म्हणून निघालं नाही. मी एकदा चिडले, म्हटलं, “सांगा ना एकदाचं, म्हातारीला बरं वाटेल.” तर म्हणाल्या, “तिला बरं वाटावं म्हणून मी उद्याचं कुठून आणू?”

मॅडमचे गुडघे गेले. त्या आता गावी असतात, भावाकडे. तिथल्या बैलांच्या आणि भावाच्या ग्रंथी तपासतात. दवाखाना माझ्याकडे आला. गेल्या आठवड्यात शेठची तपासणी होती. तोंडावर पांढरे केस आलेत, चालतो हळू, थाट तोच. मी चाळीतच गेले, सगळीकडे चाचपलं, एका जागी शंका आली म्हणून सुई घातली, काच घेऊन दवाखान्यात आले, नीट बघितली, परत गेले. सुलूमावशीने फोन मॅडमना लावून ठेवलेला. पलीकडून सूचनांचा भडिमार सुरू होता.

“आज नाही,” मी म्हटलं.

फोनमधून अशी काही आरोळी आली की शेठ उठून उभा राहिला. सुलूमावशीने फोन कानाला लावला. मला वाटलं, आता ती विचारणार, बरा झाला का म्हणून. तिने नाही विचारलं. ती बाहेर अंगणात गेली, मान वर केली आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “आज नाय गो! आज नाय!” हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी गालावर ओघळत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.